शेवटच्या स्टॉपवर कोण चढतं

४ मार्च

भाचे महाशय,

आशीर्वाद या खेपेला राखून ठेवतो. वर्षभरात पाठवलेले आशीर्वाद तू उघडूनही पाहिले नाहीस. फोनवर मला ब्लॉक केलंस. मेलवर ब्लॉक केलंस. ब्लॉगखाली मी दोन ओळी लिहायचो, तर सगळ्यांसाठीच कमेंट्स बंद केल्यास. एका मामाला गप्प करायला अख्ख्या जगाचं तोंड दाबलंस. पण पोस्टमनला ब्लॉक करायचं बटण तुम्हा लोकांना अजून बनवता आलेलं नाही. तेव्हा वाच.

वाचायला मनाई नाही म्हणून तुझा ‘अर्धविराम’ मी अजून वाचतो. कीबोर्डच्या आवाजावर तू तीन लेख लिहिलेस, तिन्ही वाचले. सायकलची चेन कशी धुवावी ते वाचलं. तुझ्या बाल्कनीतल्या टोमॅटोंना कीड लागली, वाईट वाटलं; टोमॅटोंचं. माणसं भावनेच्या भरात मतं देतात, म्हणून निर्णय आकड्यांवर सोपवावेत, हेही वाचलं आणि त्या दिवशी जेवण गेलं नाही.

परवाचा लेख मात्र गिळता येत नाही. ‘शेवटच्या स्टॉपवर कोण चढतं?’ किती आनंदाने लिहिलंयस! परिवहन खात्यासाठी तुमच्या कंपनीने प्रोग्रॅम बनवला, त्याने रिकाम्या फेऱ्या हुडकल्या, आणि त्यात ‘एक बस टेकडीवर रिकामी चढते आणि रिकामी उतरते, कारण फार पूर्वी कोणीतरी ती चढवली आणि नंतर कोणाला विचारावंसं वाटलं नाही.’

ते कोणीतरी म्हणजे मी. ही कॉलनी नवी होती तेव्हा मोर्चा काढून चौदा नंबर वर आणली ती मी. तुझी आई त्या मोर्च्यात होती आणि तू तिच्या कडेवर. घोषणांच्या वेळी रडत होतास, म्हणजे मत तेव्हापासूनच ठरलेलं.

आता स्टॉपवर खात्याची नोटीस लागली आहे. एक मेपासून चौदा नंबर खालच्या चौकातूनच परत फिरणार. टेकडीवर येणार नाही. नोटिशीत कारण दिलंय, ‘प्रवासी नाहीत’. इथे रोज माणसं चढतात. मी माझ्या बाल्कनीतून बघतो. तू तुझ्या खुर्चीतून बघतोस.

आकडे पुन्हा तपास आणि बस परत आण. बस हवी का, असं मी विचारत नाहीये. हवीच आहे.

मामा

—

१० मार्च

ती. मामा,

नमस्कार. सवयीने लिहिलाय, अर्थ काढू नका.

तुम्हाला ब्लॉक का केलं ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. माझ्या कामावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की ‘याचा मॅनेजर म्हणजे कोट घातलेला मुकादम’. मॅनेजरने ते वाचलं. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं आणि वर हसला. त्याचं ते हसणं मला पुढे सहा महिने पुरलं. तुमच्यासाठी ती गंमत होती. पेपर मिलमध्ये तुम्ही युनियनचे सेक्रेटरी होतात, मालकाला शिव्या घातल्या की तुमची इज्जत वाढायची. माझ्याकडे युनियन नाही मामा, माझ्याकडे हप्ते आहेत.

आता बस. मी कुठलीही बस बंद करत नाही. बसच्या दारात मोजणीचं यंत्र असतं, कोण कुठे चढलं ते मोजतं. ते आकडे आमच्या प्रोग्रॅममध्ये येतात, प्रोग्रॅम रिपोर्ट काढतो, खात्यातले साहेब निर्णय घेतात. जानेवारीत मोजणीचा एक आठवडा झाला. त्या आठवड्यात तुमच्या स्टॉपवर चढलेल्या माणसांचा आकडा शून्य आहे. कमी नाही, शून्य. तुम्ही बाल्कनीतून बघता ती माणसं स्टॉपवर गप्पा मारायला उभी राहत असतील.

आणि खरं सांगू का, वॉर्डाची निवडणूक जवळ आली की तुम्हाला काहीतरी सापडतंच. मागच्या वेळी गटार सापडलं होतं, त्याच्या आधी रस्त्यावरचे दिवे. यंदा बस. उभं राहायचं असेल तर खुशाल राहा, पण माझ्या कामाचा मंडप करून त्याखाली सभा भरवू नका.

लेखात मी कॉलनीचं नाव घेतलेलं नाही. तुमच्या मोर्च्याची गोष्ट मला माहीत नव्हती. माहीत असती तरी लेखात एक शब्द बदलला नसता.

मामीला नमस्कार. तो खरा.

भाचा

—

१४ मार्च

भाचे महाशय,

शून्य!

पत्र वाचून मी इतका हसलो की मामी स्वयंपाकघरातून बघायला आली. शून्य म्हणे! अरे, तुझ्या त्या यंत्राला मोतीबिंदू झालाय.

नीट ऐक. मोजणीचा आठवडा कधी आहे ते मला आधीच कळलं होतं. डेपोत अजून ओळखी आहेत. मिलमध्ये असताना मी एक गोष्ट शिकलो. साहेब मोजायला आला की दारात माणसं दिसली पाहिजेत, म्हणणं नंतर मांडायचं. म्हणून मी कामाला लागलो. बागेत सकाळी चालणारे सगळे, पत्ते खेळणारे सगळे, मिलमधले माझे जुने गडी, त्यांच्या सुना, एकाचा व्याही पाहुणा आला होता तोही. सगळ्यांना रोज सकाळी चौदा नंबरमध्ये भरलं. इथे चढायचं, चौकात उतरायचं, तीच बस वर जाताना पुन्हा बसायचं, पुन्हा इथून चढायचं. आठवडाभर! बस डोंगर उतरताना कण्हत होती. ड्रायव्हर म्हणाला, “काका, देवळात जत्रा आहे का?” मी म्हटलं, “जत्रा नाही, जनगणना आहे.”

मी स्वतः पुढच्या दाराशी उभा राहून माणसं आत लोटत होतो. भरली की छताला थाप मारून ओरडायचो, “चला!” तो एक आठवडा मला मिलचे दिवस आठवले बघ.

आणि तुझा आकडा शून्य. म्हणजे एवढी माणसं तुझ्या प्रोग्रॅमला दिसली नाहीत. म्हणजे प्रोग्रॅम खोटा, किंवा तू खोटा. मामाचा राग बसवर काढलास, असं मी लोकांना सांगायला मोकळा आहे. माझ्याकडे साक्षीदार बसभरून आहेत. या आठवड्यात वर्तमानपत्राच्या ऑफिसात जाणार आणि तुझं नाव, कंपनीचं नाव, मुकादमाचं नाव, सगळं देणार.

अजून वेळ आहे. आकडा दुरुस्त कर.

मामा

—

१७ मार्च

मामा,

नमस्कार नाही. या पत्रात तो बसत नाही.

तुमचं पत्र वाचून मी ऑफिसात जाऊन जानेवारीचे मूळ आकडे उघडले. आता तुम्ही नीट ऐका, आणि ऐकताना हसू नका.

मोजणीची यंत्रं बिघडतात. एखाद्या यंत्रावर धूळ बसली की ते एकाच माणसाला दहा वेळा मोजतं. म्हणून मी प्रोग्रॅममध्ये एक नियम लिहिला आहे. एखाद्या स्टॉपवरचा आकडा नेहमीपेक्षा अचानक कैक पटींनी वाढला, तर ते यंत्र बिघडलं असं समजायचं आणि त्या स्टॉपचे त्या आठवड्याचे सगळे आकडे गाळून टाकायचे. तुमच्या स्टॉपचं तेच झालं. तुमची बाग, तुमचे पत्ते, तुमचा व्याही, सगळे गाळले गेले. त्यांच्याबरोबर रोज खरोखर चढणारी माणसंही गेली. गाळल्यावर जागा रिकामी राहिली, आणि रिपोर्टात रिकाम्या जागी शून्य छापलं जातं.

डिसेंबरचे आकडे मी बघितले. तुमच्या स्टॉपवर रोज माणसं चढत होती. फार नाहीत, पण बस टिकायला पुरेशी. तुम्ही त्या आठवड्यात घरी पेपर वाचत बसला असतात तर आज बस शाबूत असती.

ती बस तुम्ही मारलीत मामा. स्वतःच्या हाताने, छताला थाप मारून.

जा वर्तमानपत्रात. सांगा त्यांना, मी खोटे प्रवासी भरले आणि सरकारी मोजणी फसवायला बघितली. फोटोही छापतील.

मला एक कळत नाही. कशासाठी एवढं? चौक तुमच्या दारापासून उतारावर आहे. तुमचे पाय सभेला जाताना बरोबर चालतात. मामी तर तुमच्यापेक्षा झपझप चालते, हातात पिशवी घेऊन ती चौकात पोहोचेल आणि तुम्ही अजून जिन्यातच भाषण करत असाल. एका माणसाच्या जुन्या मोर्च्याची आठवण म्हणून सरकारने टेकडीवर बस चढवत राहायची का?

भाचा

—

२ एप्रिल

तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं.

मामी झपझप चालत नाही. गेल्या पावसाळ्यापासून तिच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं आहे. सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी सकाळी खालच्या मोठ्या हॉस्पिटलात तिला डायलिसिस असतं. मशीनला लावतात, रक्त धुऊन काढतात, दुपारी सोडतात. चौदा नंबर आमच्या दारातून निघते आणि हॉस्पिटलच्या दारात उभी राहते. म्हणून ती बस हवी. माझा मोर्चा गेला खड्ड्यात.

स्कूटरवर बसायला डॉक्टरांनी मनाई केली आहे. टॅक्सीवाले टेकडी म्हटली की तोंड फिरवतात, आणि आला तरी हिला तो बंद डबा सोसत नाही, दोनदा ओकारी झाली. चौकापर्यंतचा उतार ती जाईल एक वेळ, पण येताना चढ आहे. मशीनवरून उठलेलं माणूस तू पाहिलं नाहीस.

मी बरोबर जातो म्हटलं तर नको म्हणते. “तुम्ही तिथे नर्सशी भांडाल,” म्हणते. बसमध्ये डावीकडे खिडकीपाशी तिची जागा ठरलेली आहे, तिथे एकटी बसून जायला तिला आवडतं. म्हणते, आठवड्यात तेवढाच वेळ कोणी तब्येत विचारत नाही.

तुला का नाही कळवलं? कसं कळवायचं होतं? तुझ्या टोमॅटोच्या लेखाखाली? ते दारही तू बंद केलं होतंस. आणि तिनेही सांगितलं होतं, त्याला सांगू नका, तो आकडे काढत बसेल.

आता काढ.

—

५ एप्रिल

ती. मामा,

मामीचं मला ठाऊक नव्हतं. त्यावर या पत्रात आणखी काही लिहीत नाही. जे लिहीन ते तुम्हाला लिहीन आणि ते खोटं वाटेल.

काल मी परिवहन खात्याला कळवलं आहे. तुमच्या स्टॉपचं शून्य खरं नाही, आमच्या प्रोग्रॅमने आकडे गाळले, तो नियम मी लिहिला, आणि रिकाम्या जागी शून्य छापणंही माझंच, असं स्पष्ट लिहिलं. तिथल्या साहेबांनी एकच विचारलं, “अचानक आकडा वाढला कशाने?” त्याचं उत्तर दिल्याशिवाय फेरमोजणी मिळत नव्हती. यंत्र बिघडलं होतं म्हणालो असतो तर यंत्राची तपासणी लागली असती आणि एक मे उलटून गेला असता. म्हणून खरं सांगितलं. तुमचं नाव दिलं.

हो, न विचारता दिलं. विचारलं असतं तर तुम्ही आधी सभा बोलावली असती.

फेरमोजणी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आहे. या वेळी बसमध्ये खात्याचा माणूस बसून हाताने मोजणार. कृपा करून कोणालाही कुठेही भरू नका.

मॅनेजरने मला या कामावरून काढलं. नोकरी आहे अजून, पण आता मी लॉगिनच्या पानावरचा रंग बदलण्याचं काम करतो. तो म्हणाला, “कमेंटवाला मामा तोच ना?” मी हो म्हटलं. या वेळी तो हसला नाही.

हे तुमच्यासाठी केलं, असं समजू नका.

भाचा

—

११ एप्रिल

भाचे महाशय,

पोहोचली तुझी कर्तबगारी. खात्याचं पत्र कॉलनीच्या ऑफिसात आलं आणि सेक्रेटरीने काल सभेत ते वाचून दाखवलं. हा तोच सेक्रेटरी, ज्याला मी माईक धरायला शिकवलं. ‘सदर रहिवाशांनी कृत्रिम गर्दी निर्माण केल्याचे’ वगैरे. पुढे माझं नाव, आडनावासकट. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, “काका, आता लग्नाला माणसं लागली तर तुम्हालाच सांगतो.” सगळा हॉल हसला. माझे पत्त्याचे भिडूही हसले. सकाळ-सकाळ बसमध्ये चढायला यांना कोणी लावलं होतं? मीच. तरी हसले.

बस बचाव समितीचं अध्यक्षपद काढून घेतलं. म्हणे, मोजणी होईपर्यंत मी लांब राहिलेलं बरं. उभ्या आयुष्यात कुठल्या सभेने मला बस खाली असं सांगितलं नव्हतं. मालकाने सांगितलं, पोलिसांनी सांगितलं, पण माझ्या माणसांनी नाही.

तू कारण दुसरं सांगू शकत होतास. पाहुणे आले म्हणायचं, लग्न होतं म्हणायचं. एवढं डोकं चालवतोस, एक थाप सुचली नाही? का सुचली होती आणि मामाला हॉलमध्ये उभं केलेलं बघायचं होतं? वर्षभराचा हिशेब चुकता केलास. मी तुझ्या मुकादमाला हसवलं, तू माझी कॉलनी हसवलीस.

तू केलंस ते बरोबर होतं, असं तुझी मामी म्हणते. ती म्हणो. मी म्हणणार नाही.

मामा

—

१६ एप्रिल

प्रिय ढब्बू,

तुला आता या नावाने कोणी हाक मारत नसेल. मारते मी.

तुझी सगळी पत्रं आमच्याकडे टीव्हीखाली ठेवलेली आहेत. यांची पत्रं मला पाठ आहेत, कारण लिहिताना हे मोठ्याने बोलतात. तेव्हा मला सगळं माहीत आहे. तुम्हा दोघांना मात्र एक गोष्ट माहीत नव्हती, ती सांगते.

जानेवारीत यांनी बस भरली त्या आठवड्यातला बुधवार होता. मी नेहमीच्या वेळी खाली गेले. स्टॉपवर पाय ठेवायला जागा नाही. सगळे ओळखीचे. “वहिनी या, वहिनी या,” म्हणतायत आणि माझ्या पुढून चढतायत. मागच्या दाराने मी एक पाय वर ठेवला, तेवढ्यात कोणाच्या तरी पाठीने मला खाली ढकललं. मुद्दाम नव्हे रे, पाठीला डोळे नसतात. पुढच्या दारात हे उभे होते, पुतळ्यासारखे ताठ. मी हाक मारली. यांनी छताला थाप मारली आणि ओरडले, “चला!”

बस गेली.

पुढची बस यायला बराच वेळ होता. मी औषधाच्या दुकानासमोरच्या पायरीवर बसले. पुढच्या बसने गेले तेव्हा चौकात हे आपल्या लोकांना ओळीने उभं करत होते, यांनी बसच्या आत बघितलं नाही. हॉस्पिटलमध्ये माझं मशीन दुसऱ्या बाईंना दिलेलं होतं. संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिले. त्या दिवशी पायांना एवढी सूज आली की चप्पल हातात घेऊन घरी आले. यांना सांगितलं, मशीन बिघडलं होतं. हे म्हणाले, “सरकारी मशीनं अशीच.” आणि मग बस किती भरली होती ते रंगवून सांगत बसले. इतके खुशीत होते की माझ्याच्याने सांगवलं नाही.

आज सकाळी सांगितलं. तेव्हापासून बाल्कनीत बसून आहेत. चहा तसाच आहे.

तुलाही सोडत नाही. माझ्यासाठी एकाने गर्दी जमवली, दुसऱ्याने गर्दी गाळली. दोन्ही वेळा बाहेर राहिले मी. मला कसं जायचंय, हे दोघांपैकी एकानेही मला विचारलं नाही. पत्रं मात्र ढीगभर लिहिलीत. तू लिहिलंस ना, शेवटच्या स्टॉपवर कोण चढतं? मी चढते. बाकीचं तुमचं राजकारण तुमच्यापाशी.

मोजणीच्या आठवड्यात हे खाली उतरणार नाहीत, जाताना दाराला बाहेरून कडी मी लावीन. तूही मध्ये पडू नकोस. जेवढी माणसं चढतील तेवढी मोजू देत. कमी भरली तर कमी भरली.

तुला भेटायला यावंसं वाटत असेल तर ये. वाईट वाटलं म्हणून येऊ नकोस, तसे बरेच जण येऊन जातात आणि फळं ठेवून जातात. ती फळं मला चालत नाहीत.

मामी

—

९ मे

ती. मामा,

खात्याचा निर्णय तुमच्याकडे पोहोचला असेलच, तरी लिहितो. सकाळच्या दोन फेऱ्या टेकडीवर राहिल्या. दुपारच्या सगळ्या गेल्या. दुपारी तिथे खरंच कोणी चढत-उतरत नाही, मामीशिवाय. एका माणसासाठी बस ठेवता येत नाही, असं साहेब म्हणाले. मी वाद घातला. मला आयुष्यात पहिल्यांदा वाद घालताना आकडा सापडला नाही. मी फक्त मोठ्याने बोललो. तुमच्यासारखा ऐकू येत होतो, स्वतःलाच.

म्हणजे जाताना बस आहे, येताना नाही.

मी सोमवारी हॉस्पिटलमध्ये गेलो होतो, मामीने सांगितलं असेल किंवा नसेल. मशीनशेजारी बसलो. तिने मला कीबोर्डच्या लेखांबद्दल विचारलं, मी सांगितलं, ती मध्येच झोपली. नंतर मी तिला विचारलं, घरी कसं जायचंय. विचारलं, एवढं तुमच्या माहितीसाठी नोंदवतो. ती म्हणाली, “खिडकी पूर्ण उघडत असेल तर तुझ्या गाडीतून येईन. वाटेत कोणी राजकारण बोलायचं नाही. आणि मला दारात सोडायचं, जिन्यात हात धरायचा नाही.”

हो, माझ्याकडे गाडी आहे. दोन वर्षं झाली. ब्लॉगवर सायकल आहे, ते खरं आहे, आणि पावसाळ्यात मी गाडी चालवतो, तेही खरं आहे. तुम्हाला यावर जे लिहायचंय ते मला शब्दाशब्दाने दिसतंय, तेव्हा शाई वाचवा.

तर सोमवार, बुधवार, शुक्रवार दुपारी मी तिला हॉस्पिटलमधून आणीन. ऑफिसात विचारलं आहे. रंग बदलण्याचं काम संध्याकाळीही करता येतं. तुमची परवानगी मागत नाहीये. मामीची मिळाली आहे.

सभेत जे झालं त्याबद्दल मला वाईट वाटत नाही. पुन्हा विचारलं तर पुन्हा तुमचंच नाव सांगेन. पण मागच्या रांगेत जो हसला त्याला मी हाणला असता.

भाचा

—

१३ मे

भाचे महाशय,

गाडी! दोन वर्षं! आणि ‘शहरांचा गळा घोटणारी चार चाकं’ हा लेख कोणी लिहिला, तुझ्या टोमॅटोंनी?

शाई वाचवणार नाही. पुरून उरेल एवढी आणली आहे.

मोजणीच्या आठवड्यात हिने खरोखर कडी लावली. मी बाल्कनीत होतो. पहिल्या दिवशी स्टॉपवर जेमतेम चार-पाच डोकी, माझा जीव खालीवर. वरून हाका मारून आणखी दहा जण गोळा करता आले असते. बागेतले दोघे खालून जातही होते. मी तोंड उघडलं आणि मिटलं. मग बस आली. ही चढली. मागच्या दाराने, सावकाश, दांडीला धरून. खात्याच्या माणसाने कागदावर रेघ मारली असणार. बस लगेच हलली नाही, ही खिडकीपाशी बसेपर्यंत ड्रायव्हर थांबला. त्याला कोणी चला म्हटलं नाही.

बुधवारची ती गोष्ट सांगितल्यापासून मी तिच्याशी जानेवारीबद्दल बोललेलो नाही. तुझ्याशीही बोलणार नाही. ते माझं आहे.

तुला माफ केलं असं समजू नकोस. माझं नाव द्यायला नको होतं, हे मी मरेपर्यंत म्हणणार. पण सेक्रेटरी काल घरी आला होता, समितीत परत या म्हणाला. मी म्हटलं, सोमवार, बुधवार, शुक्रवार मला जमणार नाही.

कारण मीही येतोय. सकाळी तिच्याबरोबर बसमधून नाही, ती येऊ देत नाही. दुपारी हॉस्पिटलच्या फाटकाशी उभा असेन, थांबव. ही पुढे बसेल, खिडकीपाशी. मी मागच्या सीटवर बसेन. राजकारण बोलायचं नाही हे मला मान्य आहे, हिच्यासमोर मी मोडणार नाही. पण तू गाडी कशी चालवतोस, गिअर कधी टाकतोस, कुठल्या गल्लीत उगाच वळतोस, हे काही राजकारण नव्हे. त्यावर मी जे म्हणायचं ते म्हणणार, हॉस्पिटलपासून टेकडीपर्यंत.

कमेंट्स बंद करायचं बटण गाडीत नसतं. डॅशबोर्डवर शोधत बसू नकोस, समोर बघून चालव. मामी बसलेली असेल.

मामा